म्यानातल्या पात्यावर तोच गंज पुन्हा पुन्हा का येतो: कारण शोधायचं कसं, थांबवायचं कसं

जुन्या लष्करी संगिनी, तलवारी, कुकऱ्या, फौजी कोयते जमवणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. पातं नीट पुसलं, गंज काढला, तेलाचा हात फिरवला, म्यानात घातलं आणि कपाटात ठेवून दिलं. काही महिन्यांनी बाहेर काढावं तर त्याच जागी तोच नारिंगी डाग. पुन्हा घासणं, पुन्हा तेल, पुन्हा डाग. दर फेरीला पात्याचं मूळ पॉलिश थोडं उतरतं, कारखान्याचा शिक्का थोडा पुसट होतो आणि गंज मात्र हटत नाही.

बहुतेक वेळा दोष पात्याचा नसतो, तेलाचाही नसतो. म्यानाचा असतो. म्यान केलेलं असतं ते हत्यार कमरेला बाळगण्यासाठी: धार कुणाला लागू नये, धारेला काही लागू नये, एवढंच त्याचं काम. रोज बाहेर निघणाऱ्या आणि रोज पुसल्या जाणाऱ्या पात्याचं ते आवरण. त्यात पातं वर्षानुवर्षं न हलवता पडून राहील, असा विचार ते शिवणाऱ्याने कधी केलेला नव्हता. म्हणून या लेखातला मुख्य सल्ला सुरुवातीलाच सांगतो: पातं आणि म्यान वेगवेगळं ठेवा. पुढचं सगळं हे का, कधी आणि कसं, याबद्दल आहे. आणि वेगळं ठेवूनही गंज येत असेल तर काय, याबद्दलही.

संग्राहकांना हा सल्ला आवडत नाही, हे मला माहीत आहे. जोडी मोडल्यासारखं वाटतं. पण जपानी तलवारींच्या परंपरेत हे फार जुनं आहे. मिरवायच्या, रोगण दिलेल्या म्यानातून पातं काढून ते 'शिरासाया' नावाच्या साध्या, बिनरोगणाच्या म्यानात ठेवतात. ते होनोकी नावाच्या मॅग्नोलियाच्या जातीतल्या लाकडाचं असतं. त्याचे दोन अर्धे भाग भाताच्या खळीने चिकटवलेले असतात, म्हणजे आतून साफ करायची वेळ आली की उकलता येतात. मिरवायच्या मुठीत आणि म्यानात तेवढ्या काळापुरतं 'त्सुनागी' म्हणजे लाकडाचं खोटं पातं बसवतात. शिवाय पात्याच्या बुडाशी 'हाबाकी' नावाची धातूची पट्टी असते. ती म्यानाच्या तोंडात घट्ट बसते आणि पातं आत जवळजवळ तरंगतं ठेवते, त्यामुळे ते बाजूंना घासत नाही. फौजेसाठी हजारोंनी शिवलेल्या चामडी म्यानात असली चैन नाही. पातं सरळ चामड्याला टेकून बसतं.

आणि चामडं निरुपद्रवी नसतं. झाडाच्या सालीतल्या टॅनिनने कमावलेलं चामडं मुळातच आम्लधर्मी असतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं चामडंही आलं. त्यात कमावण्यातले क्षार उरलेले असू शकतात आणि तेही पोलादाला मानवत नाहीत. कुठल्याही प्रकारचं चामडं हवेतला ओलावा ओढून घेतं आणि सावकाश सोडतं. पातं आणि चामडं यांच्यामधली फट इतकी अरुंद असते की तिथे हवा खेळत नाही. त्यात पात्यावर लावलेलं तेल चामडं टीपकागदासारखं शोषून घेतं. म्हणजे तुम्ही तेल लावून आत घातलेलं पातं काही आठवड्यांत कोरडं पडतं, म्यान तेलकट होऊन मऊ पडतं, शिवणीचा दोरा सडायला लागतो आणि तुम्ही मात्र पातं सुरक्षित आहे असं समजत राहता.

आधी डागाची जागा बघा

घासायला घेण्याआधी पातं उजेडात आडवं धरा आणि डाग नेमका कुठे आहे ते टिपून ठेवा. जमल्यास फोटो काढा. डागाच्या जागेवरून निम्मं निदान होतं आणि घासल्यावर हा पुरावा जातो.

डाग बोटांच्या ठशांसारखे, गोलसर, पात्याच्या मधल्या भागात असतील तर ते हाताच्या घामातल्या मिठाचं काम. याचा म्यानाशी संबंध नाही. नायट्राइलचे हातमोजे घाला. सुती हातमोजे घाम शोषतात आणि तोच पात्याला लावतात, शिवाय धारेला अडकतात.

पात्याच्या एकाच बाजूला लांबट पट्टा असेल तर पातं त्या बाजूने चामड्याला टेकलेलं आहे. म्यान आडवं ठेवलेलं असेल तर हा पट्टा बहुधा खालच्या बाजूला सापडतो. खात्री करायची तर काही महिने म्यान उलटं ठेवा. पट्टा बाजू बदलतो.

गार्डच्या म्हणजे मूठ आणि पातं यांच्यामधल्या आडव्या तुकड्याच्या लगेच खाली, बोटभर रुंदीच्या आडव्या पट्ट्यात गंज असेल तर म्यानाचं तोंड तपासा. ब्रिटिश १९०७ पॅटर्नच्या संगिनीचं म्यान चामड्याचं आहे, पण त्याच्या तोंडाला पोलादी पट्टी आहे आणि तिच्या आत पात्याला दाबून धरणाऱ्या स्प्रिंगा आहेत. या स्प्रिंगा स्वतः गंजतात आणि दर वेळी पातं आत-बाहेर करताना तो गंज पात्यावर घासून ठेवतात. अशा वेळी पात्यावर दोन समांतर ओरखडे दिसतात. पातं कितीही चकचकीत करा, स्प्रिंगा साफ केल्याशिवाय हे थांबणार नाही.

फक्त टोकाला गंज असेल तर म्यानाच्या तळाशी कचरा आहे. कित्येक दशकांची माती, जुन्या ग्रीसचा गाळ, चामड्याचा भुगा, कधी एखादा मेलेला किडा, सगळं टोकाच्या धातूच्या टोपीत जमतं आणि ओल धरून बसतं. भिंतीवर उभी टांगलेली हत्यारं यात हमखास सापडतात.

संपूर्ण पात्यावर सारखा, पातळ, धुरकट थर असेल तर म्यानापेक्षा कपाट आणि खोली यांच्यावर संशय घ्या. याबद्दल पुढे.

तेच जुने खड्डे पुन्हा पुन्हा नारिंगी होत असतील, आजूबाजूचं पातं मात्र स्वच्छ असेल, तर खड्ड्यात क्लोराइड म्हणजे मिठाचे अंश अडकलेले आहेत. समुद्रकाठी वापरलेल्या, जमिनीतून निघालेल्या किंवा घामेजल्या हातांतून गेलेल्या पात्यांत हे असतं. क्लोराइड असलं की तुलनेने कोरड्या हवेतही गंज चालू राहतो. वरवर घासून ते जात नाही.

शेवटचा आणि सर्वांत चिवट प्रकार: गार्डच्या फटीतून किंवा मुठीच्या रिव्हेटांभोवती गंज बाहेर येतो. त्याच्याबद्दल सगळ्यात शेवटी लिहिलं आहे, कारण त्यावरचा उपाय निराळा आहे.

हा गंजच आहे ना?

हे विचारायचं राहून जातं. म्यानातून काढलेल्या पात्यावर तांबूस-तपकिरी पूड दिसली की लोक घासायला बसतात. पुष्कळदा ती चामड्याची पूड असते. एकोणिसाव्या शतकातलं आणि विसाव्याच्या सुरुवातीचं टॅनिनने कमावलेलं चामडं हवेतला सल्फर डायऑक्साइड शोषून आतून आम्ल धरतं आणि तांबडं, भुसभुशीत होऊन झडायला लागतं. कोरड्या पांढऱ्या कापडाने हलकेच पुसा. पूड निघून खाली पोलाद स्वच्छ दिसलं तर गंज नव्हता. भिंगाखाली या पुडीत तंतू दिसतात, गंजात दिसत नाहीत. अर्थात ही पूड आम्लयुक्त असते, पात्यावर पडून राहिली तर गंज आणतेच. म्हणून असं म्यान सापडलं की पातं त्यातून ताबडतोब बाहेर काढावं.

निळसर काळे डागही फसवतात. टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की काळं संयुग तयार होतं. जुनी टॅनिनची शाई याच रसायनाची. हा डाग गुळगुळीत, घट्ट असेल आणि कापसावर नारिंगी काही येत नसेल तर तो तसाच राहू द्या. तो पात्याचा इतिहास आहे. काळपट तपकिरी, दगडासारखा बसलेला जुना थरही तसाच. कापूस फिरवल्यावर ज्याचा नारिंगी रंग कापसाला लागतो तोच गंज जिवंत आहे आणि तेवढ्यालाच हात लावायचा.

दोष म्यानाचा की खोलीचा?

याची चाचणी सोपी आहे, फक्त धीर लागतो. पात्यावरचा जिवंत गंज काढा, मेणाचा पातळ हात द्या, आणि पातं म्यानाबाहेर, त्याच कपाटात, म्यानाशेजारीच ठेवा. दोन-तीन महिने थांबा, त्यातही दमट हवेचे दिवस येऊ द्या. पातं स्वच्छ राहिलं तर म्यान दोषी. बाहेर राहूनही गंज आला तर खोली, कपाट, हात किंवा जुनं मीठ, यांपैकी काहीतरी आहे आणि म्यान बदलून, साफ करून काही उपयोग नाही. ही चाचणी न करता म्यानात रसायनं ओतणारे लोक मी पाहिले आहेत. चांगली म्यानं त्यात गेली.

खोलीसाठी एक साधा हायग्रोमीटर म्हणजे आर्द्रता मोजणारं यंत्र घ्या, पण त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. स्वस्त यंत्रं बरीच चुकतात. एका छोट्या झाकणात मीठ घेऊन त्यात ते ओलसर होईल इतकंच पाणी घाला, विरघळू देऊ नका. ते आणि हायग्रोमीटर एका हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. आतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. यंत्र ६८ दाखवत असेल तर ते ७ ने कमी दाखवतं, एवढं लक्षात ठेवून वाचायचं.

पोलादाला ५० टक्क्यांखालची आर्द्रता मानवते. ६०-६५ च्या वर गंज वेग धरतो. चामड्याचं उलट आहे. ते फार कोरड्या हवेत आकसतं, कडक होतं, शिवणीपाशी तडकतं. त्याला साधारण ४५ ते ५५ टक्के हवेत. एकाच डब्यात दोघांचंही भलं करणं कठीण आहे. पातं सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) घातलेल्या हवाबंद डब्यात आणि म्यान बाहेर मोकळ्या हवेच्या कपाटात, असं केलं की दोघांचीही गरज भागते. वेगळं ठेवण्याचा हा दुसरा फायदा आणि माझ्या मते पहिल्यापेक्षा मोठा.

रंग दाखवणारं सिलिका जेल ओलं झालं की रंग बदलतं. ओव्हनमध्ये १०० ते १२० अंश सेल्सिअसला काही तास तापवलं की पुन्हा कामाला येतं. निळे दाणे कोबाल्ट क्लोराइडचे असतात आणि ते आरोग्याला चांगले नाहीत; मिळाल्यास नारिंगी घ्या.

कपाटाच्या लाकडाचाही हिशेब धरावा लागतो. ओक आणि चेस्टनटसारखी लाकडं ॲसेटिक आम्लाची वाफ सोडतात, एमडीएफ म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्या आणि काही प्लायवुड यांतूनही अशी आम्लं निघतात. काचेचं दार घट्ट बंद केलं की वाफ आतच कोंडते. महाग, सुबक, घट्ट बसणाऱ्या दाराच्या शोकेसमध्ये पाती जास्त गंजतात, यामागे बरेचदा हेच असतं. पीव्हीसीच्या पिशव्याही टाळा. ते प्लास्टिक जुनं झालं की हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतं. बंदुकीच्या पेटीतला फोमही दीर्घ साठवणीला वाईट, कारण तो ओल धरतो आणि पुढे चिकट होऊन पात्याला लागतो. पॉलिथिलीनची पिशवी किंवा पॉलिथिलीनचा फोम चालतो.

एक शेजारी विशेष धोक्याचा. काही गणवेशी खंजिरांच्या मुठी सेल्युलॉइडच्या असतात. सेल्युलॉइड म्हणजे सेल्युलोज नायट्रेट. ते कुजू लागलं की नायट्रोजनची आम्लधर्मी वाफ सोडतं आणि शेजारच्या सगळ्या पात्यांवर गंज, पितळेवर हिरवटपणा आणतं. कापराचा वास, मुठीवर चिकट थेंब किंवा बारीक जाळीदार तडे दिसले तर तो खंजीर इतरांपासून लांब, हवेशीर जागी ठेवा. हवाबंद डब्यात मुळीच नको, कोंडलेल्या वाफेत तो आणखी वेगाने कुजतो. सेल्युलॉइड झटकन पेट घेतं, हेही विसरू नका.

थंड जागेतून उबदार खोलीत आणलेल्या पात्यावर दव धरतं. आणण्याआधी पॉलिथिलीनच्या पिशवीत गुंडाळा आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा.

म्यान आतून तपासणं आणि साफ करणं

पातं उपसताना म्यानाला धारेच्या बाजूने बोटं वेढून धरू नका. जुन्या चामडी म्यानाची शिवण धारेने आतून कापलेली असते आणि पातं बाहेर येता येता शिवणीतून निघून थेट बोटात शिरतं. अंगठा आणि बोटं म्यानाच्या दोन सपाट बाजूंवर ठेवा आणि पातं पाठीकडच्या बाजूला टेकवत सावकाश ओढा. ही सूचना कुकरीला जास्तच लागू आहे, कारण वाकड्या पात्याचं पोट म्यानाच्या धारेकडच्या बाजूला दाबत बाहेर येतं.

पातं बाजूला ठेवल्यावर म्यान पांढऱ्या कागदावर उलटं करून बोटाने हलकेच टकटक करा. काय पडतं ते बघा. मग फोनला जोडायचा छोटा एंडोस्कोप म्हणजे नळीच्या टोकाचा कॅमेरा आत घाला. तो फार महाग नसतो आणि शंका मिटवतो. नसल्यास पातळ लाकडी काडीला स्वच्छ कोरडं पांढरं कापड गुंडाळून आत फिरवा. कापडावर तपकिरी डाग आला तर आत लोखंडाचा गंज किंवा चामड्याचा भुगा, हिरवा आला तर पितळेचा मळ, ओशट पिवळट आला तर जुनं तेल. तळ ओला लागला तर म्यान तोंड वर करून सावलीत, हवेशीर जागी वाळवा. उन्हात, हीटरपाशी किंवा हेअर ड्रायरने नाही.

चामडी म्यानात पाणी, साबण, तेल, मेण, काहीही ओतायचं नाही. भुसभुशीत झालेल्या तांबड्या चामड्याला तर पाण्याचा थेंबही लागू देऊ नका. ते काळं पडतं, कडक होतं आणि मग परतीचा मार्ग नाही. अशा चामड्याला हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज, म्हणजे क्लुसेल जी या नावाने मिळणारी पावडर, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये १-२ टक्के विरघळवून हलक्या हाताने लावतात. त्याने भुगा बांधला जातो, चामडं बरं होत नाही. रंग थोडा गडद होऊ शकतो, म्हणून आधी आडबाजूला लावून बघा. म्यान मौल्यवान असेल तर हे काम वस्तुसंवर्धकाकडे सोपवा.

म्यानावर पांढरी पूड दिसली तर ती बुरशी असेलच असं नाही. जुन्या तेलचरबीचा थरही वर येऊन पांढरा दिसतो. चाचणीपुरती, एका टोकाला, थोडी कोमट हवा द्या. चरबी वितळून नाहीशी होते, बुरशी तशीच राहते.

पोलादी म्यानांचं काम तुलनेने सोपं. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन ८४/९८ संगिनीच्या म्यानाचं तोंड एका स्क्रूवर बसलेलं असतं. तो नेमक्या मापाच्या पेचकसाने काढला की तोंड स्प्रिंगांसकट बाहेर येतं आणि म्यान आतून पुसता येतं. पेचकस ढिला असेल तर स्क्रूचं डोकं खराब होतं आणि ते जन्मभर दिसतं. ब्रिटिश घोडदळाच्या १९०८ पॅटर्नच्या तलवारीचं म्यान बाहेरून पोलादी असलं तरी आत लाकडाच्या पट्ट्या असतात. तिथे तेल ओतलं तर लाकूड ते पिऊन फुगतं आणि तलवार अडकते.

पात्यावरचा गंज किती काढायचा

जेवढा जिवंत आहे तेवढाच. सॅंडपेपर, फिरतं बफिंगचं चाक, व्हिनेगर, इलेक्ट्रोलिसिस, यांतलं काहीही नको. गंज विरघळवणारे तयार द्राव गंजाबरोबर ब्लूइंग म्हणजे पोलादाला मुद्दाम दिलेला निळसर काळा थरही उतरवतात, कारण ब्लूइंग हाही लोखंडाचा ऑक्साइडच आहे. राखाडी फॉस्फेटचा थर असलेली युद्धकालीन पाती मुळात चकचकीत नव्हतीच. त्यांना चमकवणं म्हणजे त्यांची किंमत आपल्या हाताने उतरवणं.

पातळ खनिज तेलाचा थेंब डागावर रात्रभर ठेवा. सकाळी बांबूच्या टोकदार काडीने, किंवा नाही निघालं तर तांब्याच्या पट्टीच्या कडेने, तेल असतानाच खरवडा. तांबं गंजापेक्षा कठीण नाही असं वाटेल, पण सैल गंजाला ते पुरेसं आहे आणि पोलादावर ओरखडा पाडत नाही. तांब्याचा रंग पात्याला लागला तर तेलाच्या कापडाने पुसून काढा. उघड्या, पॉलिश केलेल्या पोलादावर सर्वांत बारीक, ०००० नंबरची स्टील वूल तेलासह चालते, ब्लूइंगवर नाही.

मीठ अडकलेल्या खड्ड्यांसाठी डिस्टिल्ड पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या काडीने तेवढाच खड्डा पुन्हा पुन्हा टिपा, दर वेळी नवी काडी. मग लगेच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पाणी काढून घ्या आणि कोमट हवेने पूर्ण वाळवा. खोल खड्ड्यांतलं सगळं मीठ याने निघत नाही, पण परत येणाऱ्या गंजाचा वेग चांगलाच कमी होतो. उरलेलं काम कोरड्या हवेने करायचं.

अल्कोहोल मुठीकडे जाऊ देऊ नका. लाखेचं पॉलिश त्यात विरघळतं. पारंपरिक कुकरीचं पातं मुठीत बसवायला लाखेवर आधारित डिंकच वापरतात, म्हणजे तिथे अल्कोहोल शिरला तर मूठच सैल होईल.

संरक्षणासाठी साठवणीतल्या पात्याला मी मेण वापरतो, तेल नाही. मायक्रोक्रिस्टलाइन मेण आम्लरहित असतं, कोरडं बसतं, धूळ धरत नाही आणि चामड्यात शोषलं जात नाही. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात असं मेण वस्तुसंग्रहालयांसाठी तयार झालं आणि रेनेसां वॅक्स या नावाने ते आजही मिळतं. अगदी थोडं घ्या, पातळ फासा, दोन-चार मिनिटांनी मऊ कापडाने चोळा. मधमाशीच्या मेणात स्वतःची आम्लं असतात, ते नको. खाद्यतेल कुठलंही नको, ते खवट होऊन चिकट थर धरतं. डब्ल्यूडी-४० हे नावाप्रमाणे पाणी हटवायला बनवलेलं आहे. मागे राहणारा थर फार पातळ असतो, वर्षभराच्या साठवणीला तो पुरत नाही.

पितळेवरचा हिरवा मळ

पितळेचे रिव्हेट, बटणं, टोकाची टोपी चामड्याला टेकतात तिथे हिरवा, मेणासारखा मळ येतो. काढला तरी परत येतो. चामड्याला लावलेल्या तेलातली मेदाम्लं पितळेतल्या तांब्याशी संयोग पावून हा मळ करतात. म्हणून चामडं 'पोसण्यासाठी' खुरांचं तेल, क्रीम वगैरे दरवर्षी लावणाऱ्यांकडे तो सगळ्यात जास्त दिसतो. तेल थांबवा, हे अर्धं औषध. मळ लाकडी दातकोरणीने खरवडा, कोन्याकोपऱ्यात व्हाइट स्पिरिटची जेमतेम ओली काडी फिरवा, चामड्याला लागू न देता. मऊ मेणचट मळ हा वरवरचा असतो. त्याऐवजी फिकट हिरवी, कोरडी, भुकटीसारखी पुटकुळी असेल आणि खाली खड्डा असेल तर ते क्लोराइडचं काम आहे. तो तुकडा कोरड्या डब्यात वेगळा काढा.

पितळेला अमोनिया असलेलं पॉलिश लावू नका. ठोकून, दाबून घडवलेल्या पितळेत ताण शिल्लक असतो आणि अमोनियाने ते तडकतं. ब्रिटिश फौजेची हिंदुस्थानात साठवलेली पितळी काडतुसं पावसाळ्यात अशीच तडकत. जवळच्या तबेल्यांतला अमोनिया हे त्याचं कारण असल्याचं १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला सिद्ध झालं. म्यानाच्या टोपीवरची उभी बारीक चीर पुष्कळदा याच जातीची असते.

वेगळं ठेवताना

जोडी हरवू नये, ही भीती रास्त आहे. ८४/९८ सारख्या संगिनींत पात्यावरचा आणि म्यानावरचा क्रमांक जुळणं हीच किंमत असते. सुती दोऱ्याने दोघांनाही एकाच नोंदीची कागदी चिठ्ठी बांधा. चिकटपट्टी कुठेही लावू नका. रिकामं चामडी म्यान चपटं होऊन दुमडतं, म्हणून आत आम्लरहित टिश्यू कागदाची सैल गुंडाळी किंवा पॉलिथिलीन फोमची पट्टी पात्याच्या आकाराची कापून घाला. त्सुनागीचंच हे साधं रूप. ती ठासून बसवू नका, नाहीतर शिवण ताणली जाते. प्रदर्शनात पातं म्यानात दाखवायचंच असेल तर तेवढ्या दिवसांपुरतं मेण लावून घाला आणि संपल्यावर लगेच काढा.

पातं आत अडकलेलं असेल तर हिसका देऊ नका, हातोडीला हातही लावू नका. पोलादी म्यानाच्या तोंडात भेदक तेलाचे थेंब सोडून दोन दिवस उभं ठेवा आणि मग थोडं थोडं मागेपुढे करत काढा. चामडी म्यानात तेल नाही. चामडं आकसलेलं असेल तर म्यान ५० टक्क्यांच्या आसपासच्या आर्द्रतेत काही आठवडे राहू द्या. पुष्कळदा तेवढ्याने ते सैल होतं. तरी निघालं नाही तर तज्ज्ञाकडे न्या. शिवण उसवणं हा तुमचा-माझा उपाय नव्हे.

गार्डखालून येणारा गंज

आता तो राहिलेला प्रकार. पात्याचं शेपूट मुठीच्या आत जातं आणि तिथे लाकूड, चामडं, जुना डिंक यांच्यात दशकानुदशकं ओल आणि घामाचं मीठ साचलेलं असतं. बाहेर दिसणारा डाग म्हणजे आतल्या गंजाचा फक्त कडेला आलेला भाग. मुठीचे तुकडे स्क्रूने बसवलेले असतील आणि स्क्रू सहज फिरत असतील तर ते काढून आत साफ करता येतं. रिव्हेट ठोकून बसवलेले असतील, किंवा शेपटाचं टोक मुठीच्या बुडाशी चेपलेलं असेल, तर उघडू नका. उघडलेली मूठ पुन्हा तशीच बसत नाही आणि घेणाऱ्याला ते पहिल्या नजरेत कळतं. चामड्याच्या चकत्यांची मूठ असलेल्या अमेरिकी फौजी सुऱ्यांत तर चकत्या आकसून सैल झाल्या की गंजाला वाट आणखी रुंद होते. त्यात तेल मुरवून चकत्या फुगवण्याची युक्ती सर्रास सांगितली जाते, पण ते तेल पुढे गार्डपाशी बाहेर येतं.

इथे गंज संपवता येत नाही, थोपवता येतो. फटीपाशी मेण थोडं जाडसर लावून ठेवा, म्हणजे बाहेरची ओल आत जाणार नाही. हत्यार ४० ते ४५ टक्के आर्द्रतेच्या डब्यात ठेवा. त्याहून फार कोरडं केलं तर मुठीचं लाकूड तडकेल. गार्डचा जवळून फोटो काढून तारीख लिहून ठेवा आणि सहा महिन्यांनी त्याच उजेडात, त्याच कोनातून दुसरा काढून ताडून बघा. डाग वाढलेला नसेल तर त्याला हात लावू नका. वाढला असेल तर आर्द्रता आधी तपासा, सिलिका जेलचा रंग बघा, डब्याच्या झाकणाचं रबर बघा. हे सगळं ठीक असूनही डाग पसरतच असेल तर तो फोटोंचा जोड घेऊन धातूच्या वस्तू हाताळणाऱ्या संवर्धकाकडे जा.